मुंबई-लंडन : अंतर किती, वेळ किती?



एक विमानाचे तिकीट आपण डोळ्यांसमोर आणू. डिसेंबरचा महिना आहे असे समजा. तिकिटावर लिहिले आहे : मुंबईहून निघण्याची वेळ दुपारी २.००, लंडनला पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी सायंकाळी ६.३०. पाचवीतल्या मुलाला विचारा, प्रवासाला किती वेळ लागला? तो चटकन वजाबाकी करून सांगेल, साडेचार तास. वजाबाकी बिनचूक आहे, उत्तर मात्र चूक. प्रवास दहा तासांचा झाला. परतीच्या तिकिटाची तर आणखी मौज. लंडनहून रात्री ९.०० वाजता निघालेले विमान मुंबईस दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता उतरते. वजाबाकी करा, साडेचौदा तास! आणि खरा प्रवास नऊच तासांचा.

"काय हो गुरुजी, जायला साडेचार आणि यायला साडेचौदा? येताना घाट लागतो की काय?" असा प्रश्न पारावर कुणीतरी हमखास टाकणार. टाकू द्यावा. प्रश्न भाबडा दिसला तरी त्याच्या पोटात भूगोल आहे, गणित आहे, वारा आहे आणि थोडे राजकारणही आहे. शिवाय हल्ली हा प्रश्न केवळ गमतीचा राहिलेला नाही. ज्या गावातून पूर्वी एखादा मुलगा पुण्या-मुंबईला गेला तरी मोठी गोष्ट वाटे, त्या गावातले मुलगे आणि मुली आज परदेशात नोकरीला आहेत. ते घरी कधी पोहोचतील, हा हिशेब कधीकधी फार निकडीचा होतो. त्याकडे मी शेवटी येणारच आहे. आधी अंतराचे पाहू.

शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असतो. त्यावर पट्टी ठेवून मुंबईपासून लंडनपर्यंत सरळ रेघ ओढली, की मुलांना वाटते हीच विमानाची वाट. पण ही रेघ म्हणजे सर्वांत जवळची वाट नव्हे. पुष्कळ शाळांतून लावलेला नकाशा ज्या पद्धतीने काढतात, ती पद्धत मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली दिली. त्याने ती दर्यावर्दी लोकांसाठी दिली. होकायंत्राची सुई एका कोनात धरून जहाज हाकत राहिले, तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेघ दिसते. खलाश्याची मोठी सोय झाली. परंतु त्या सोयीची किंमत द्यावी लागते. गोल पृथ्वी सपाट कागदावर अंथरायची म्हणजे ती कुठेतरी ताणावी लागणारच. मर्केटरच्या नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. म्हणून ग्रीनलंड बेट आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे. संत्र्याची साल काढून पाटावर दाबून बसवून पाहा, ती फाटल्यावाचून बसत नाही. नकाशाकार ती फाटू देत नाही, ताणतो, एवढेच.

तेव्हा पट्टी ठेवून द्या आणि दोरा घ्या. पृथ्वीगोल काढा. बहुतेक शाळांत तो कपाटावर धूळ खात असतो. त्याला खाली उतरवण्याचे हे एक निमित्त. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरा, दुसरे लंडनवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा गोलावर ज्या वाटेने बसतो, ती सर्वांत जवळची वाट. दोऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आता तोच दोरा विषुववृत्ताच्या रेघेवर ठेवून मोजा. पृथ्वीचा घेर ढोबळ मानाने ४०,००० किलोमीटर. तुमच्या गोलाचा घेर १०० सेंटिमीटर असेल, तर दोरा १८ सेंटिमीटर भरेल. म्हणजे रुपयातले अठरा पैसे. चाळीस हजारांतले अठरा टक्के किती? ७,२००. मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. सुताचा दोरा आणि शाळेचा गोल, एवढ्यावर उत्तर निघाले.

वरच्या इयत्तेतल्या मुलांना दुसरा मार्ग दाखवावा. पृथ्वीच्या मध्यापासून मुंबई आणि लंडन यांच्याकडे दोन रेघा काढल्या, तर त्यांच्यामधला कोन जवळजवळ ६५ अंश होतो. एका अंशाला ६० सागरी मैल, आणि सागरी मैल १,८५२ मीटरांचा. गुणाकार मुलांनी करावा. वैमानिक आणि खलाशी अजून सागरी मैलच वापरतात, ते काही जुन्या सवयीमुळेच नव्हे. हा मैल पृथ्वीच्या गोलाईतूनच काढलेला आहे.

भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ धरून कोणी गेला, तर त्याला सुमारे ७,४०० किलोमीटर पडतील. दोनशेचा फरक. मुंबई-लंडनच्या बाबतीत तो थोडा वाटेल, पण मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा ताणून पाहा. मुलांना वाटते, न्यूयॉर्क पश्चिमेला, तेव्हा विमान अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक असे नाकासमोर जाईल. दोरा मात्र उत्तरेकडे चढतो, आणि थेट आइसलंडच्या आसपासून वळून अमेरिकेत उतरतो. लांबी साडेबारा हजार किलोमीटर. वर्गात हा प्रयोग केला की शेवटच्या बाकावरचा मुलगाही उठून पुढे येतो, हा माझा अनुभव आहे.

एक शंका हुशार मुलगा काढतोच. विमान अकरा किलोमीटर उंच चढते, मग त्याची वाट लांबत नाही का? लांबते. पण सात हजारांच्या प्रवासात जेमतेम बारा किलोमीटरांनी. पृथ्वीच्या मानाने अकरा किलोमीटर म्हणजे नारळाला लावलेल्या तेलाच्या बोटाएवढे.

आता दोरा तसाच ताणून धरा आणि तो कुठकुठून जातो ते पाहा. मुंबईहून वायव्येला निघाला. सौराष्ट्र आणि कच्छ ओलांडून सिंध-बलुचिस्तान, तिथून इराण, मग कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, अझरबैजान, काळ्या समुद्राजवळचा क्रिमिया, युक्रेन, पोलंडचा दक्षिण भाग, जर्मनी आणि अखेर लंडन. ही नावे ऐकताना जाणत्या श्रोत्याच्या कपाळाला आठी पडली असेल. कारण यातली निम्मी नावे आपण गेली काही वर्षे युद्धाच्या बातम्यांत ऐकत आलो आहोत.

आकाशाला कुंपण नाही असे आपण म्हणतो. ते पाखरांपुरते खरे. १९४४ च्या डिसेंबरात शिकागो येथे राष्ट्रांनी जो करार केला, त्याने प्रत्येक राष्ट्राच्या भूमीवरचे आकाश त्या राष्ट्राच्या मालकीचे ठरवले. शेजाऱ्याच्या शेतातून जाणारी पायवाट त्याने काटेरी फांदी टाकून बंद केली, की आपल्याला बांधाबांधाने वळसा घालावा लागतो. इथेही तेच. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश आपल्या विमानांना बंद राहिले. २४ एप्रिल २०२५ रोजी त्या देशाने ते पुन्हा भारतीय विमानांना बंद केले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत भारतानेही आपले आकाश त्यांच्या विमानांना बंद केले. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ ला, युद्ध सुरू झाले त्या दिवशी, प्रवासी विमानांना बंद झाले. १३ जून २०२५ रोजी इस्रायल आणि इराण यांच्यात भडका उडाला आणि इराणचे आकाश बंद झाले. त्या दिवशी पहाटे मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे एक विमान काही तास उडून परत मुंबईलाच येऊन उतरले. त्यातल्या उतारूंनी अंतर कापले होते, वेळही घालवला होता, पण लंडन जिथल्या तिथेच!

अशा वेळी मुंबईचे विमान अरबी समुद्रावरून आखाताच्या बाजूने वळसा घेते. मुंबईला समुद्र आहे हे तिचे भाग्य. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा जास्त पडतो, कारण त्यांना आधी खाली समुद्रापर्यंत यावे लागते. आणि आपलीच अडचण मोठी असे समजू नये. फिनलंडमधील हेलसिंकीहून जपानमधील टोकियोला जाणारे विमान पूर्वी रशियावरून साडेनऊ तासांत जाई. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपच्या विमानांना बंद झाले, आणि त्याच दोन विमानतळांमधला प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. काही उड्डाणे उत्तर ध्रुवाला वळसा घालून गेली. हेलसिंकी हलले नाही, टोकियो हलले नाही, दोराही तेवढाच राहिला.

म्हणून दोन विमानतळांमधले अंतर सांगताना कोणते अंतर, हे विचारावे लागते. दोऱ्याचे एक, आणि त्या दिवशी विमान प्रत्यक्ष जितके उडाले ते दुसरे. पहिले बदलत नाही. दुसरे रोज बदलू शकते.

आता वेळेकडे वळू. पूर्वी आगबोटीने मुंबईहून इंग्लंड गाठायला दोन-तीन आठवडे लागत, आणि तेही १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर. त्याआधी आफ्रिकेला वळसा होता. एअर इंडियाची पहिली लंडनफेरी ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून निघाली. विमानाचे नाव होते 'मलबार प्रिन्सेस', चार पंख्यांचे. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत ते १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० मध्ये जेट विमाने आली आणि हा प्रवास आणखी आखडला. आज मुंबईहून न थांबता जाणाऱ्या विमानाला वाटा खुल्या असताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना साडेआठ-नऊ.

इथे गणिताचा विद्यार्थी अडतो. जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. अंतर ७,२००. भागाकार ८. मग साडेनऊ-दहा कसे? याची कारणे दोन : एक जमिनीवरचे, एक आकाशातले.

जमिनीवरचे कारण समजायला लंडन फार लांब पडते; आपले मुंबई-नागपूर बरे. रेल्वेने मुंबई-नागपूर ८३७ किलोमीटर. ठाणे जिल्ह्यातील आमणे येथून नागपूरपर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर; तो जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. आणि हवाई अंतर सुमारे ६८०. ताशी ८०० च्या वेगाने हे अंतर पाऊण-एक तासात तुटायला हवे. वेळापत्रकात मात्र जवळजवळ दीड तास दिलेला असतो. बाजारच्या दिवशी एस. टी. स्थानकातून गाडी बाहेर निघायला जसा वेळ लागतो, तसेच हे आहे. विमान फाटकापासून मागे सरते, धावपट्टीपर्यंत रांगेने जाते, आपली पाळी येईपर्यंत थांबते. उडाल्यावर चढायला वीस-पंचवीस मिनिटे, आणि चढताना वेग कमी. उतरताना पुन्हा तेच. मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी कधीकधी खाली जागा होईपर्यंत वर घिरट्याही घालाव्या लागतात. वेळापत्रकातली वेळ ही फाटक सोडल्यापासून फाटकाला लागेपर्यंतची असते, चाके उचलल्यापासूनची नव्हे. हा अर्ध्या तासाचा ठोक खर्च प्रवास लांब असो वा आखूड, भरावाच लागतो. मग आखूड प्रवासात तो अंगावर येतो, लांबच्यात पचून जातो.

नागपूरचे नाव निघाले म्हणून एक जुनी गोष्ट सांगून टाकतो. १९४९ साली सरकारने रात्रीची विमानटपाल सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि चारी विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र जमत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेच्या सुमारास प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात! नागपूरच का? पुन्हा दोरा घ्या. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, मद्रास ९१०, कलकत्ता ९८० किलोमीटर. चौघांनाही एका रात्रीत येऊन परत जाता येईल असे ठिकाण दुसरे कुठले? त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग आजच्या जेटच्या तिसऱ्या हिश्शाइतका. कलकत्त्याच्या विमानाला एकेरी साडेतीन-चार तास लागणार, मुंबईच्याला अडीच. ज्याची वाट लांब त्याने आधी निघायचे, आणि गाठ मात्र सगळ्यांची एकाच वेळी पडायची. 'दोन गाड्या समोरासमोरून निघाल्या, कुठे भेटतील' या छापाची गणिते आपण मुलांना घालतो. त्यांत हे एक गणित जरूर घालावे. ते खरे घडलेले आहे.

आकाशातले कारण म्हणजे वारा. उंचावर, नऊ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर फार. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ही तिथे साधी गोष्ट. दोनशेच्या वरही जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून या वाऱ्याचा माग काढला होता. त्याने आपला अहवाल एस्पेरांतो या जागतिक म्हणून तयार केलेल्या भाषेत छापला. सगळ्या जगाला कळावे म्हणून छापला, आणि म्हणूनच बहुधा जगात फारसा कुणी वाचला नाही! दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या अखेरीस, जपानकडे निघालेल्या अमेरिकन विमानांना हा वारा प्रत्यक्ष लागला, तेव्हा त्याची जाण सर्वांना आली.

मुंबईहून लंडनला जाताना हा वारा छातीवर येतो, येताना पाठीशी असतो. नदीला पूर असताना नावाडी काठाशी बोलतो तो हिशेब इथे लावा. विमानाचा वेग हवेच्या मानाने ९००. समोरून ताशी १०० चा वारा. जमिनीच्या मानाने वेग राहिला ८००. ७,२०० ला ९ तास. येताना वेग १,०००. सात तास आणि बारा मिनिटे. आता विद्यार्थ्याला एवढेच विचारा, 'जाताना जे गमावले ते येताना सगळे परत मिळाले का?' तो म्हणेल, हो, शंभर वजा, शंभर अधिक, फिट्टंफाट. पण बेरीज करा. ९ तास आणि ७ तास १२ मिनिटे मिळून १६ तास १२ मिनिटे. वारा नसता तर दोन्ही वेळचे मिळून १६ तास. बारा मिनिटे कुठे गेली? उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि सुलट्यात कमी, म्हणून नुकसान जास्त वेळ सोसावे लागते, फायदा थोडा वेळ मिळतो. ज्याने सायकलीवरून समोरच्या वाऱ्यात शेजारच्या गावी जाऊन यायचे काम केले आहे, त्याच्या मांड्यांना हे गणित आधीच ठाऊक असते.

म्हणून वैमानिक नेहमी दोऱ्याच्याच वाटेने जातो असेही नाही. शंभर-दोनशे किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, पण वारा टळावा किंवा मिळावा, असा विचार करून रोजची वाट आखली जाते.

राहता राहिले घड्याळ. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरा करते, म्हणजे तासाला १५ अंश. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखेवर लावलेले आहे. साडेब्याऐंशीला पंधराने भागा, साडेपाच येतात. लंडनमधले ग्रीनिच शून्य अंशावर. तेव्हा आपण लंडनच्या साडेपाच तास पुढे. मुंबईकरांनी मात्र बरीच वर्षे आपले घड्याळ या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे ठेवले होते, आणि 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकला. जुन्या लग्नपत्रिकांतून मुहूर्तापुढे 'स्टँडर्ड टाइम' असे का लिहिलेले असे, ते यावरून कळेल.

लंडनकरांचेही एक खूळ आहे. ते उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात आपल्यातले अंतर साडेचार तासांचे, हिवाळ्यात साडेपाचचे.

आता सुरुवातीचे तिकीट उघडा. दुपारी २ ला निघून दहा तास झाले, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १२. त्यातून साडेपाच वजा, लंडनमध्ये सायंकाळचे ६.३०. जुळले. आणि फरक माहीत नसला तरीही एक युक्ती आहे. जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही वजाबाक्या घ्या, साडेचार आणि साडेचौदा. बेरीज एकोणीस. तिचे निम्मे साडेनऊ. जाता-येता मिळून सरासरी प्रवास साडेनऊ तासांचा. घड्याळाचा फरक एकदा वजा होतो, एकदा अधिक होतो, म्हणून बेरजेत तो उरतच नाही. जगातल्या कोणत्याही दोन विमानतळांना ही युक्ती चालते.

हे सारे ज्यासाठी मांडले, तिकडे आता येतो. कराडजवळचे एक गाव धरा. जानेवारीत एके दिवशी पहाटे पाच वाजता घरातले म्हातारे वडील जातात. थोरला मुलगा लंडनला. अंगणात माणसे जमतात आणि पहिला प्रश्न निघतो, थांबायचे का? थोरल्याला यायला किती वेळ लागेल? कोणी जाणकार म्हणतो, "लंडनचं इमान नऊ तासात येतंय. दिवस मावळायच्या आत पोरगं दारात असंल." झाले, सगळे त्यावर विसंबतात. पाव्हण्यांना तसे निरोप जातात. बर्फाच्या लाद्या येतात. दिवस मावळतो, पोरगा येत नाही. मग कुजबुज सुरू होते, की बापापेक्षा नोकरी मोठी झाली. हे मी एकाहून अधिक घरी ऐकले आहे. मुलगा तिकडे विमानात बसून रडत असतो आणि इकडे त्याच्या नावाने बोटे मोडली जातात. कारण काय, तर कोणी नीट बेरीज केली नाही.

ती बेरीज अशी करावी, आणि सगळी आपल्याच घड्याळाने करावी. पहाटे ५ ला फोन गेला. तिकडे आदल्या रात्रीचे ११.३० झालेले. रात्री त्याला विमान मिळण्याजोगे नाही. तिकडच्या सकाळी १० च्या विमानात जागा मिळाली असे धरू. तेव्हा आपल्याकडे दुपारचे ३.३०. म्हणजे साडेदहा तास विमान उडण्याआधीच गेले, आणि त्यातले तीनेक तास त्याने विमानतळावर आधी हजर राहण्याचे. नऊ तास प्रवास, रात्री १२.३० ला मुंबई. पासपोर्टची तपासणी, सामान, बाहेर येऊन गाडी मिळणे, यांना दीड तास. २ वाजले. मुंबईहून कराड तीनशे किलोमीटरांच्या घरात, रस्त्याने सहा तास. सकाळचे ८. गावापर्यंत आणखी अर्धा तास. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी साडेसत्तावीस तास, दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३०. विमान थेट नसेल, आखाती देशात बदलायचे असेल, तर यात चार-सहा तास सहज मिळवावे. एखादे आकाश बंद असेल तर आणखी थोडे.

साडेसत्तावीस तासांतले विमानाचे फक्त नऊ. म्हणजे दोऱ्याने जो भाग मोजला, तो साऱ्या प्रवासाचा तिसरा हिस्सा. बाकीचे दोन हिस्से रांगेत, रस्त्यावर आणि विमानाची वाट पाहण्यात.

थांबायचे की नाही, ते घरच्यांनी आपल्या मनाने आणि आपल्या रीतीने ठरवावे. त्यात आपण कोण बोलणार? पण त्यांच्यापुढे आकडा खरा असावा. आणि गावात अशा वेळी माणसे गुरुजींच्याच तोंडाकडे पाहतात. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी म्हणून एवढे करावे. मुलाला फोन लागला, तर 'कधी येतोस' असे मोघम विचारू नये. विमान तिकडून किती वाजता सुटते, मधे कुठे बदलते, आणि मुंबईला आपल्या वेळेने किती वाजता उतरते, हे तीन आकडे कागदावर उतरून घ्यावेत. तिकिटावर उतरण्याची वेळ नेहमी उतरण्याच्या गावच्या घड्याळाची छापलेली असते. मुंबईची वेळ असली की तीत काही मिळवायचे वा वजा करायचे नाही. त्यापुढे घरापर्यंतचे तास तेवढे मिळवावे.

वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात 'लंडन : साडेपाच तास मागे' असे लिहून ठेवायला हरकत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर सोमवारी शाळेत गेलात की ते पुसून साडेचार करावे, आणि का केले ते एखाद्या मुलालाच सांगायला लावावे.